अभयारण्याची पाटी लागली म्हणजे रानफुलं वाचली?

कोल्हापुरात हे वाक्य हमखास ऐकू येतं: "राधानगरीला अभयारण्य आहे, तिथल्या झाडाफुलांची काळजी नको." अर्धं खरं आहे. कुऱ्हाड थांबते, बॉक्साइटची खाणही हद्दीबाहेर राहते, आणि हे काही कमी नाही. पण १९५८ साली दाजीपूर, म्हणजे या अभयारण्याचा मूळ भाग, राखलं गेलं ते गव्यांसाठी. १९८५ मध्ये क्षेत्र वाढून सुमारे ३५१ चौरस किलोमीटर झालं. गवा चारा-पाणी शोधत हद्द ओलांडून थेट उसात शिरतो. (शेतकऱ्याला विचारा!) झाडाला ती सोय नाही.

सड्यावरची, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावरची फुलं बघा. जांभ्या खडकावर जेमतेम बोटभर माती. पावसाळ्यात ती चिंब होते, दिवाळीपर्यंत कोरडीठाक. सीतेची आसवं, दवबिंदू, गेंद या रानफुलांना तेवढ्याच ओलाव्यात उगवून, फुलून, बी धरायचं असतं. मधेच पावसाने लांब दडी मारली की बी धरण्याआधीच रोपं वाळतात. हवा तापली की वनस्पती हळूहळू उंचावर सरकतात म्हणतात, पण सडा हाच डोंगराचा माथा. वर जाणार कुठे?

शिवाय रानमोडी या घुसखोर तणाचं बी वाऱ्यावर येतं, त्याला चेकनाका अडवत नाही. आणि पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारासारखे कितीतरी सडे राधानगरीच्या हद्दीबाहेरच आहेत.

म्हणून जंगल राखण्याच्या जोडीला बी-कंद जपणं, रोपं वाढवणंही लागतं. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात दुर्मीळ कंदीलपुष्पं (कंदिलासारख्या फुलांच्या कंदवर्गीय वनस्पती) अशीच जोपासली आहेत.