निजामाशी, की निजामाबरोबर?

पुतणीला शाळेत इतिहासाचा एक इंग्रजी उतारा मराठीत करायला दिला होता. 'द मराठाज फॉट विथ द निझाम' या वाक्यापाशी ती अडली. "काका, मराठे निजामाशी लढले की निजामाच्या बाजूनं लढले?" मी म्हटलं, आधी साल सांग. सालाशिवाय या वाक्याचा अर्थ लागत नाही. साल १७९५ असेल तर ही खर्ड्याची लढाई. तिथे मराठे निजामाशी लढले आणि त्यांनी त्याला हरवलं. पण १७९० ते १७९२ या काळातली गोष्ट असेल, तर टिपू सुलतानाविरुद्ध मराठे, निजाम आणि इंग्रज एकाच बाजूला होते. परशुरामभाऊ पटवर्धन दोन्ही मोहिमांत होते. तीन वर्षांत मित्राचा शत्रू झाला, आणि इंग्रजी वाक्यात काना-मात्रेचाही फरक करावा लागला नाही!

"कसली ढिसाळ भाषा आहे," असं पुतणीचं मत पडलं. मला मात्र हे वाक्य फार आवडतं. खडकात शिंपल्याचा ठसा राहावा, तसा त्या 'विथ'मध्ये हजार वर्षांपूर्वीचा एक अर्थ अडकून राहिला आहे.

आपण शाळेत 'विथ' म्हणजे 'सह' असं पाठ करतो. पण जुन्या इंग्रजीत या शब्दाचा मुख्य अर्थ होता 'विरुद्ध', 'समोरासमोर'. इसवी सन ८७८मध्ये दक्षिण इंग्लंडातल्या वेसेक्सचा राजा आल्फ्रेड समुद्रापलीकडून चालून आलेल्या डेन लोकांच्या सैन्याशी लढला. त्या काळच्या बखरीत, तो सगळ्या सैन्या'विथ' लढला, असं लिहिलं आहे, आणि तिथे गोंधळाला जागाच नाही: सैन्य शत्रूचं, 'विथ' म्हणजे विरुद्ध. मग 'सह'साठी काय म्हणत? त्यासाठी 'मिद' हा वेगळा शब्द होता. जर्मन शिकणाऱ्यांना 'मिट' माहीत असेल, तो त्याचाच भाऊ. इंग्रजीत हा 'मिद' पुढे मेला, पण एका शब्दाच्या पोटात जिवंत राहिला. सुईणीला इंग्रजीत मिडवाइफ म्हणतात. त्यातल्या 'मिड'चा मध्याशी काही संबंध नाही. बाळंतिणीच्या सोबत असलेली बाई, एवढाच त्याचा अर्थ. 'वाइफ' म्हणजे तेव्हा कोणतीही बाई.

तसंच जुना 'विथ'सुद्धा काही शब्दांत तसाच उरला आहे. 'विथस्टँड' म्हणजे कोणासोबत उभं राहणं नव्हे, कोणाविरुद्ध पाय रोवून उभं राहणं. बँकेत आपण ज्या कागदाला विड्रॉल स्लिप म्हणतो, त्यातल्या 'विथ'चा अर्थ आहे 'दूर, मागे': पैसे खात्यातून मागे ओढून घेणं.

आता खरी मौज. 'विरुद्ध'चा अर्थ 'सोबत' कसा होऊ शकतो? दिवसाची रात्र व्हावी इतका हा बदल मोठा वाटतो. पण शब्द उडी मारत नाहीत, एकेक पाऊल टाकतात. माझ्याविरुद्ध कोणी उभा आहे, म्हणजे तो माझ्या समोर आहे. समोर आहे म्हणजे आमच्यात काही देवघेव चालली आहे: वार, शिव्या, सौदा, बोलणी, काहीही. लढाई एकट्याला करता येत नाही, तसा व्यापारही एकट्याला करता येत नाही. तेव्हा 'त्याच्या समोर राहून सौदा केला' या वाक्यात 'समोर' आणि 'सोबत' या दोन्ही अर्थांना जागा आहे. बोलणाऱ्याच्या मनात एक अर्थ आणि ऐकणाऱ्या मुलाच्या मनात दुसरा, असं पिढ्यान्पिढ्या होत राहिलं. त्यातच आल्फ्रेडशी लढलेले डेन लोक इंग्लंडात स्थायिक झाले, आणि त्यांच्या नॉर्स भाषेतल्या 'विथ'च्या भावंडाला 'विरुद्ध'बरोबर 'सोबत' हाही अर्थ होता. चौदाव्या शतकाच्या सुमाराला 'विथ'नं 'मिद'ची जागा पुरती बळकावली. फक्त लढण्या-भांडण्याच्या क्रियापदांपाशी जुना अर्थ हटला नाही, आणि पुतणीची पंचाईत झाली.

आणखी खोल गेलं तर 'विथ' थेट आपल्या दारात येतो. इंग्रजी, जर्मन, नॉर्स ज्या कुळातल्या, त्या जर्मानिक भाषांतल्या या शब्दाचं जुनं रूप 'विथर'सारखं होतं. अभ्यासक त्याची फोड 'वि' अधिक 'तर' अशी करतात. 'वि' म्हणजे वेगळं, दूर: वियोग, विभक्त यांतला 'वि'. 'तर' म्हणजे तुलनेचा प्रत्यय: लघुतर, उच्चतर यांतला. म्हणजे 'अधिक दूर'. संस्कृतात हाच शब्द 'वितरम्' असा सापडतो. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात वृत्राला मारायला निघालेला इंद्र विष्णूला म्हणतो, 'सखे विष्णो वितरं वि क्रमस्व', मित्रा, आणखी लांब पाऊल टाक. मूळ 'त'चा जर्मानिक शाखेत 'थ' होतो, हा नियम जर्मन भाषाभ्यासक याकोब ग्रिमनं १८२२मध्ये मांडला. त्रि आणि थ्री, तनु आणि थिन, तृष्णा आणि थर्स्ट या जोड्या त्याच नियमानं जुळतात. 'वितर'चा 'विथर' झाला, शेपूट झिजलं, 'विथ' उरला.

यावरून 'बघा, इंग्रजी संस्कृतातूनच निघाली' असा निरोप कोणी पुढे ढकलू नये, ही विनंती. दोन बहिणींचा चेहरा सारखा असतो म्हणून एक दुसरीची आई ठरत नाही. संस्कृत आणि इंग्रजी ज्या आदिभाषेतून आल्या, ती दोघींहून जुनी आहे. नुसत्या साम्यावर विसंबणं तर फारच घातक. 'बदनाम'मधला फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड': उच्चार जवळजवळ सारखा, अर्थ एक, आणि तरीही त्यांचं एकमेकांशी काहीही नातं नाही. उलट 'वि' आणि 'विथ' यांचे अर्थ ऐकून ते नातेवाईक आहेत असं कोणाला वाटणारही नाही. नातं ठरतं ते ध्वनिबदलाच्या नियमांवरून. कानाला काय वाटतं ते तिथे चालत नाही.

इंग्रजीला हसण्याआधी आपल्या 'बरोबर'कडे बघा. फारसी 'बराबर' म्हणजे 'बर-आ-बर', छातीला छाती. त्यातून समान, समोरासमोर, आणि फारसीत 'दर बराबर' म्हणजे चक्क 'च्या समोर, च्या विरुद्ध'. तोच शब्द मराठीत येऊन 'सोबत' झाला. 'विथ'नं इंग्लंडात जी वाट तुडवली, ती 'बरोबर'नं आपल्याकडे येताना तुडवली! आणि तो अजून पुरता पलीकडे पोचलेला नाही. 'मी त्याच्याबरोबर भांडलो' हे वाक्य आपण सर्रास म्हणतो, आणि तिथे तो माझ्या बाजूला नसतो. संस्कृतातला 'संग्राम'ही बघा. 'सम्' म्हणजे एकत्र, 'ग्राम' म्हणजे मुळात टोळी, जमाव. दोन टोळ्या एकत्र आल्या की लढाई. 'संगम'मधला 'सम्' हाच. 'संघर्ष' म्हणजे एकमेकांवर घासणं आणि लॅटिनमधून आलेला 'कॉन्फ्लिक्ट' म्हणजे एकमेकांवर आदळणं. घडण तीच.

या सगळ्या घराण्याबाहेरचा एक शब्द आहे, 'स्ट्रगल', आणि त्याच्या भाषांतरानं आपल्याकडे विज्ञानाचं नुकसान केलं आहे. इंग्रजीत शत्रूला 'फाइट' करता येतं, मध्ये कोणतंही अव्यय लागत नाही. शत्रूला 'स्ट्रगल' करता येत नाही. हे क्रियापद कर्म घेतच नाही, आणि त्याला समोर प्रतिपक्ष असायलाच हवा असं नाही. त्याच्या शेवटी जो 'ल' ऐकू येतो तो स्पार्कल, क्रॅकल, रेसल यांच्यातला: तीच हालचाल पुन्हा पुन्हा होत असल्याचं सांगणारा. मराठीत ही जाणीव तडफड, झटापट, धडपड अशा शब्दांत असते.

डार्विननं १८५९च्या ग्रंथात 'स्ट्रगल फॉर एक्झिस्टन्स' हा शब्दप्रयोग केला तेव्हा, आपण तो व्यापक आणि आलंकारिक अर्थानं वापरतो आहोत, असं त्यानं तिथेच बजावलं होतं. एका जिवाचं दुसऱ्यावर अवलंबून असणंही त्यानं त्यात धरलं होतं. मराठीत त्याचा झाला 'जीवनकलह'. कलह म्हटला की दोन पक्ष आले, वैर आलं, आणि 'बळी तो कान पिळी' हाच जणू निसर्गाचा कायदा असल्याचं प्रमाणपत्र डार्विनच्या नावानं फिरू लागलं. 'जीवनाची धडपड' म्हटलं असतं तर?

डार्विनची उदाहरणं वाचली की फरक लख्ख दिसतो. दुष्काळात अन्नासाठी दोन श्वानवर्गीय प्राणी झगडतात, तिथे तो 'विथ' वापरतो: एकमेकांशी. लगेच पुढे येतं वाळवंटाच्या कडेला तगून राहिलेलं एक झाड. ते अवर्षणाविरुद्ध धडपडतं असं म्हणतात, असं तो लिहितो, आणि पुढच्याच शब्दांत स्वतःला दुरुस्त करतो: खरं म्हणजे ते ओलाव्यावर अवलंबून आहे, असं म्हणायला हवं. त्या झाडासमोर कोणीच उभं नाही. खाली वाळू आहे, आणि पाण्याच्या शोधात गेलेली मुळं.