कॅमेऱ्याचं मॅन्युअल, छापील आणि डिजिटल

कॅमेऱ्यासोबत कंपनी देते ती वापरायची माहिती, मग ती बॉक्समधली पुस्तिका असो, पीडीएफ असो की वेबसाइटवरची पानं.

सुरुवात साधारण १८८८ च्या कोडॅक कॅमेऱ्यापासून धरतात, त्यासोबतची 'कोडॅक प्रायमर' ही पुस्तिका कोडॅकचा संस्थापक जॉर्ज ईस्टमनने स्वतः लिहिली होती. त्याआधीच्या, काचेच्या प्लेटवर फोटो घेणाऱ्या कॅमेऱ्यांसोबतही काही छापील कागद येत असणार, पण फोटोग्राफी अजिबात न येणाऱ्यासाठी लिहिलेलं म्हणून कोडॅकचा मान मोठा. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये विलायतेहून मागवलेली यंत्रसामग्री सोबतच्या आराखड्यावरून चार दिवसांत जोडली असं सांगतात, आता त्या आराखड्याला मॅन्युअल म्हणायचं का यावर वाद घालता येईल.

डिजिटल मॅन्युअल कधी सुरू झालं यावर एकमत नाही. काहीजण २००० च्या आसपास बॉक्समध्ये सीडी यायला लागली तिथून मोजतात. पण सीडीवरची पीडीएफ बहुतेक वेळा छापील पुस्तिकेचीच कॉपी असायची, पान नंबरसकट, त्यामुळे खरा बदल फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेटने घडवला हे मत जास्त पटतं. कॅनन ५डी मार्क टू २००८ ला आला तेव्हा व्हिडिओत एक्सपोजर, म्हणजे किती प्रकाश घ्यायचा ते, पूर्णपणे हाताने ठरवता येत नव्हतं, २००९ च्या अपडेटने ते जमायला लागलं, २०१० मध्ये सेकंदाला २४ आणि २५ फ्रेमची सोय आली, आणि ज्याने सुरुवातीलाच कॅमेरा घेतला त्याच्या पुस्तिकेत यातलं काहीच नाही. फुजीफिल्म एक्स-टी१ चंही तेच, जून २०१५ च्या ४.० अपडेटमध्ये झोन आणि ट्रॅकिंग ऑटोफोकस (ठरावीक भागावर किंवा हलत्या वस्तूवर आपोआप फोकस) आले, मॅक्रोसाठी, म्हणजे अगदी जवळून फोटो घ्यायला, वेगळं बटण दाबायची गरजच संपली, पण छापील पान अजून ते बटण दाबा म्हणतंय.

आता बॉक्समध्ये बहुतेक वेळा फक्त पातळ स्टार्ट गाइड असतं, बाकी सगळं ऑनलाइन. सर्चची सोय मोठी खरी, पण शब्द माहीत असेल तरच. निकॉनच्या बऱ्याच डीएसएलआर (लेन्स बदलता येणाऱ्या, आरशाच्या) कॅमेऱ्यांवर हिरवा ठिपका असलेली दोन बटणं दोन सेकंदांहून जास्त दाबून धरली की मुख्य सेटिंग मूळ जागी येतात, आता हे 'टू-बटन रिसेट' नावाखाली आहे हे नवख्याला कुठून कळणार, छापील पुस्तिका चाळताना मात्र ते चित्र नजरेला पडतं. शिवाय रेंज नसलेल्या ठिकाणी वेबपान उपयोगाचं नाही, पीडीएफ आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावी.

युरोपियन युनियनच्या २०२३ च्या मशिनरी नियमावलीने डिजिटल सूचनांना मान्यता दिली, पण खरेदीच्या वेळी मागितली तर कागदी प्रत फुकट द्यायची आणि ऑनलाइन प्रत किमान १० वर्षं ठेवायची असं बंधनही घातलं, ही नियमावली जानेवारी २०२७ पासून लागू होणार आहे. कॅमेरे त्यात येत नाहीत. यायला हवेत, कारण चांगली कॅमेरा बॉडी (लेन्स सोडून बाकीचा कॅमेरा) १० वर्षं सहज चालते.