जमीनदाराचा चेहरा फिका का पडला?

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हन परगण्यात, प्लिम्टन गावाजवळ सॉल्ट्रम नावाची मोठी हवेली आहे. अठराव्या शतकात तिचा मालक होता जॉन पार्कर. शिकारीचा आणि घोड्यांचा शौकीन माणूस. हवेलीचेच नाव दिलेल्या त्याच्या घोड्याने १७८३ची डर्बी शर्यत जिंकली होती. त्याचा मित्र, चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्स, याच प्लिम्टनचा. पुढे तो लंडनच्या रॉयल अकादमीचा पहिला अध्यक्ष झाला. त्याने पार्करला रंगवले ते हातात बंदूक घेऊन फाटकाला टेकलेला, आपल्या रानात निवांत उभा असलेला गृहस्थ म्हणून.

रेनॉल्ड्सने असे कितीतरी जमीनदार, त्यांच्या बायका आणि मुले रंगवली. आज त्यांतले बरेच चेहरे पाहिले की वाटते, ही माणसे आजारी होती की काय! उन्हापावसात घोडा फेकणाऱ्या माणसाचा चेहरा चुन्यासारखा पांढरा कसा? त्वचा नाजूक दिसावी म्हणून चित्रकाराने ती फिकी रंगवली असेल, असे मलाही पूर्वी वाटायचे. पण या गालांवर एके काळी चांगली लाली होती. ती उडून गेली, आणि काही चित्रांतून तर रेनॉल्ड्सच्या डोळ्यांदेखत उडाली.

त्या लालीचे मूळ किड्यांमध्ये आहे. मेक्सिकोत निवडुंगावर कोचिनील नावाचे किडे पोसले जात. ते वाळवून, उकळून गडद किरमिजी रंग काढत. हा रंग पाण्यात विरघळतो, त्यामुळे तो तसाच तेलात घालून चालत नाही. तुरटी आणि क्षार वापरून तो ॲल्युमिनियमच्या पांढऱ्या साक्यावर बसवावा लागतो. अशा रंगाला इंग्रजीत ‘लेक’ म्हणतात. तळ्याशी त्याचा काही संबंध नाही, तो शब्द आपल्या ‘लाखे’वरून गेला आहे. पळस-बोरीवरच्या लाखेच्या किड्यांपासून आपल्याकडे अळता काढत, त्याच रंगाच्या व्यापाराबरोबर हा शब्द युरोपभर पोचला.

रंगाची पूड झाली, तिला धरून ठेवणारे तेल जवसाचे. विदर्भात चटणीला आणि भाजीला वापरतात तेच जवस. पाणी वाळते तसे हे तेल उडून जात नाही. त्यातल्या मेदाम्लांपैकी निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असते. त्याच्या रेणूत तीन दुहेरी बंध असतात आणि हवेतला ऑक्सिजन या बंधांच्या आसपासच हल्ला करतो. मग शेजारचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन जाळे तयार होते, आणि पातळ तेलाचा घट्ट पापुद्रा बनतो. वाळताना सुरुवातीला तेलाचे वजन चक्क वाढते, कारण ते हवेतून ऑक्सिजन घेत असते. जवसाचे तेल लवकर खवट होते तेही या ऑक्सिजनमुळेच. तळणीच्या कढईच्या काठावर जो पिवळट, चिवट, साबणाला दाद न देणारा थर साचतो, तो तैलचित्राच्या पापुद्र्याचा जवळचा नातेवाईक आहे. फरक इतकाच, की कढईत हे काम आच करते आणि कॅनव्हासवर हवा, उजेड आणि वेळ करतात.

आता उजेडाकडे येऊ. कोचिनीलचा रंग सेंद्रिय आहे. त्याच्या रेणूतली कड्यांची रचना हिरवट प्रकाश शोषते म्हणून आपल्याला लाल दिसते. पण शोषलेली ऊर्जा कधीतरी रेणूलाच मोडते. मोडलेला रेणू लाल दिसत नाही, आणि तो परत जुळत नाही. गालाच्या बाबतीत आणखी वाईट होते. गुलाबी छटेसाठी किंचित लाल रंग भरपूर सफेद्यात, म्हणजे शिशाच्या पांढऱ्या रंगात, मिसळतात. सफेदा प्रकाश इकडेतिकडे उधळतो, त्यामुळे तोच किरण लाल कणांवर पुन्हापुन्हा आदळतो. मुळात लाल थोडा, त्यावर मारा जास्त. गडद किरमिजी पडदा टिकून राहतो आणि गाल आधी फिके पडतात ते यामुळे.

पर्याय होता. हिंगूळ, म्हणजे पारा आणि गंधक यांचे लाल संयुग, या रंगापेक्षा कितीतरी टिकाऊ. रेनॉल्ड्सचा शिष्य जेम्स नॉर्थकोट याने आठवण लिहून ठेवली आहे, की त्याने गुरूला नम्रपणे हिंगूळ सुचवला. रेनॉल्ड्सने आपल्या हाताकडे पाहिले आणि मांसात हिंगूळ काही दिसत नाही, असे उत्तर दिले. मला या उत्तराबद्दल आदर वाटतो. त्याला त्वचेखालच्या रक्ताची झाक हवी होती आणि ती त्याला किरमिजीतच दिसत होती.

त्याचे दुसरे प्रयोग मात्र चित्रांना फार महागात पडले. गडद सावल्यांसाठी तो डांबर वापरी, तेलात मेण आणि राळ मिसळी. डांबर नीट वाळत नाही. खालचा थर मऊ आणि वरचा लवकर ताठ झाला, की वरचा फाटतो आणि तळ्याचा गाळ उन्हाळ्यात भेगाळावा तशा रुंद भेगा पडतात. वयामुळे पडणाऱ्या केसासारख्या बारीक भेगांपेक्षा या सहज वेगळ्या ओळखू येतात.

सफेदाही स्वस्थ बसत नाही. त्यातले शिसे तेलातल्या मेदाम्लांशी संयोग पावून शिशाचा साबण बनवते. या साबणाचे सूक्ष्म गोळे फुगून चित्राच्या पृष्ठावर पुटकुळ्यांसारखे उगवतात. रेम्ब्रांटच्या डॉ. टुल्प यांच्या शवविच्छेदनाच्या प्रसिद्ध चित्रात त्या सापडल्या आहेत. शिवाय तेल म्हातारे होताना त्याचा अपवर्तनांक, म्हणजे आत शिरणारा प्रकाश ते किती वळवते त्याचे माप, वाढतो, सफेद्याच्या जवळ सरकतो आणि थर पारदर्शक होऊ लागतो. मग चित्रकाराने बदलून झाकलेली हाताची जुनी जागा किंवा टोपीची आधीची कड शंभर-दोनशे वर्षांनी भुतासारखी वर येते.

दमट हवेत साबण होण्याची क्रिया जोर धरते, आणि इथे हा विषय आपल्या घरापर्यंत येतो. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने १७९०च्या दशकात पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांना तैलरंगात उतरवले. ते चित्र आता लंडनला रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. पण महाराष्ट्रातल्या वाड्यांत आणि संस्थानिकांच्या महालांत पुढच्या काळातली अनेक तैलचित्रे पावसाळ्यामागून पावसाळे सोसत लटकलेली आहेत. कुणाच्या घरी पणजोबांचे असे चित्र असेल तर कळकळीने सांगतो, ते ओल्या फडक्याने पुसू नका, त्यावर तेलाचा हात फिरवू नका आणि खिडकीसमोर लावू नका. संग्रहालये तैलचित्रांवर साधारण २०० लक्सपर्यंतच उजेड ठेवतात (लक्स हे उजेड मोजायचे एकक). दुपारच्या उन्हात तो एक लाख लक्सच्या घरात असतो.

मग गेलेला रंग कळतो कसा? एक पुरावा चौकटीत असतो. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच चित्रकार रेन्वारने १८८३ साली रंगवलेले मादाम क्लापिसाँ यांचे चित्र आहे. त्याची चौकट काढली तेव्हा झाकलेल्या काठावर झगझगीत लाल दिसला. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे रिचर्ड व्हॅन ड्युइन यांनी चांदीच्या सूक्ष्मकणांवर रेणूंचा प्रकाश कैक पटींनी वाढवून वाचण्याच्या पद्धतीने तो लाल कोचिनीलचा असल्याचे दाखवले. पण चेहरा चौकटीखाली कधीच नसतो. तिथे टाचणीच्या टोकाहून लहान कण काढून, राळेत घट्ट बसवून, त्याचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. वरचा थर, जिथे उजेड पोचला, तो पांढुरका. आणि थोडे खाली, अंधारात राहिलेल्या भागात, गालाचा लाल रंग अजून तसाच.