गेटवेचा धक्का आणि घारापुरीची लाँच : पार्श्वभूमी

मुंबईत गेटवे ऑफ इंडियाजवळ, रेडिओ क्लबपाशी होणाऱ्या नव्या प्रवासी धक्क्यावरची न्यायालयीन लढाई 2025 मध्ये संपली. तिच्या बातम्या वाचताना ज्यांनी गेटवेवरून एकदाही लाँच पकडलेली नाही त्यांना हा वाद कुलाब्यातल्या मूठभर रहिवाशांचा वाटला असेल. प्रत्यक्षात घारापुरीची (एलिफंटाची) लेणी असोत, मांडव्यामार्गे अलिबाग असो की नुसती तासाभराची बंदरातली फेरी, मुंबई पाहायला आलेल्या बहुतेकांचा समुद्राशी संबंध गेटवेच्याच पायऱ्यांवर येतो.

या पायऱ्या रोजच्या रहदारीसाठी बांधलेल्याच नव्हत्या. पालवा बंदरावर गेटवेची कमान उभी राहिली ती राजा पंचम जॉर्जच्या 1911 च्या भेटीची आठवण म्हणून, आणि पुढे ती लाटसाहेबांच्या समारंभी आगमनाची जागा झाली. पायाभरणी 31 मार्च 1913 ची, उद्घाटन 4 डिसेंबर 1924 चे. कमानीसमोर थेट येणारा रुंद रस्ता पैशाअभावी झालाच नाही, म्हणून आजही ती मुख्य रस्त्याला तिरकी दिसते. 28 फेब्रुवारी 1948 ला शेवटची ब्रिटिश तुकडी इथूनच बोटीत बसली. त्यानंतर समारंभी धक्का पर्यटकांच्या लाँचचा थांबा होत गेला. 2008 च्या हल्ल्यानंतर आवाराला कठडे आणि तपासणीची रांग आली, म्हणजे गर्दीला आत शिरायची वाट अरुंद झाली आणि पाण्याकडची बाजू होती तशीच राहिली.

अडचण कुठे आहे, हे पायरीवर उभे राहिले की कळते. धक्का दगडी, एका जागी पक्का. लाँच मात्र पाण्याबरोबर वर-खाली होते. मोठ्या उधाणाच्या दिवसांत मुंबईत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. भरतीला वरच्या पायऱ्यांवर लाट चढते, ओहोटीला खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांवर शेवाळ असते. जागा कमी म्हणून लाँच एकीला एक लावून उभ्या करतात. तुमची लाँच तिसरी असेल तर पहिल्या दोन्हींवरून ओलांडून जायचे. शेजारून वेगवान बोट गेली की दोन्ही काठ आपटतात आणि मधली फट उघडझाप करते. पाय अडकण्याचा धोका नेमका तेव्हा असतो. खलाशी हात पुढे करतो तेव्हा त्याच्या मनगटाला धरावे, दोन्ही हात मोकळे ठेवावेत, मूल कडेवर असेल तर ते आधी पलीकडे द्यावे, आणि काठ वर येऊन थांबतो त्या क्षणी पाऊल टाकावे. ओहोटीच्या वेळी चपलेऐवजी पकड असलेले बूट बरे. वृद्धांना आणि चाकाच्या खुर्चीतल्यांना इथून चढवणे म्हणजे उचलूनच नेणे, आणि शहराच्या सर्वांत प्रसिद्ध धक्क्यावर ही स्थिती असणे लाजिरवाणे आहे.

18 डिसेंबर 2024 च्या दुपारी घारापुरीकडे निघालेल्या लाँचवर इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची वेगवान बोट आदळली आणि 15 जणांचा जीव गेला. लाँचला 84 प्रवासी आणि 6 कर्मचारी यांची परवानगी होती, बसलेले शंभराच्या वर होते. अपघात धक्क्यावर झाला नव्हता, तरी चर्चा धक्क्याकडे वळली ती योग्यच होती. चढताना माणसे मोजली जात नाहीत, तिथे जास्तीची माणसे बसतातच. लाइफ जॅकेट घालण्याची सक्ती त्यानंतर कडक झाली. जॅकेट मिळाले की पट्टे लगेच आवळावेत, मांडीवर ठेवलेल्या जॅकेटचा उपयोग नाही.

मार्च 2025 मध्ये नव्या धक्क्याचे भूमिपूजन झाले. गेटवेपासून सुमारे 280 मीटरवर समुद्रात खांबांवर उभा राहणारा, टेनिसच्या रॅकेटसारख्या आकाराचा, सुमारे 229 कोटींचा प्रकल्प. त्यात प्रतीक्षालयाबरोबर सुमारे दीडशे गाड्यांचा तळ, खुले प्रेक्षागृह आणि कॅफेही होते. रहिवाशांचा आक्षेप वाहतूक, वारसा-परिसर आणि किनाऱ्याची भिंत फोडण्यावर होता. उच्च न्यायालयाने जुलैत याचिका फेटाळल्या, पण अटी घातल्या : प्रेक्षागृह केवळ प्रवाशांना बसण्यासाठी वापरायचे, तिथे करमणुकीचे कार्यक्रम नाहीत; कॅफेत बसून जेवण नाही, फक्त पाणी आणि बंद पाकिटातले खाणे; आणि नवा धक्का सुरू झाला की गेटवेचे चार जुने धक्के टप्प्याटप्प्याने बंद करायचे. सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही.

या अटी वाचल्या की वादाचा गाभा दिसतो. चढउतारासाठी नवी जागा हवी, यावर प्रामाणिक मतभेद फार थोडे होते. प्रवासी सोयीच्या नावाखाली प्रेक्षागृह कशाला, हा प्रश्न मात्र रास्त होता, आणि न्यायालयानेही त्या भागालाच कात्री लावली. गाड्यांच्या तळाचे समर्थन अजून पटत नाही. कुलाब्याच्या अरुंद रस्त्यावर दीडशे गाड्यांना जागा देणे म्हणजे दीडशे गाड्यांना बोलावणे. गाडीशिवाय येणाऱ्यांना चर्चगेट किंवा सीएसएमटीवरून बस, हा मार्ग आहेच.

घारापुरी बेटाच्या बाजूलाही इतिहास असाच धक्क्यांना चिकटलेला आहे. सहाव्या शतकातली शैव लेणी आणि सुमारे सहा मीटर उंचीची त्रिमुखी मूर्ती सर्वांना ठाऊक असते. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ नाव दिले तो दक्षिणेच्या राजबंदराजवळ होता. 1864 मध्ये तो विलायतेला न्यायचा प्रयत्न झाला, उचलताना त्याचे तुकडे झाले, आणि पुन्हा जोडलेला तो हत्ती आता भायखळ्याच्या राणीच्या बागेशेजारच्या संग्रहालयाबाहेर आहे. लेण्यांइतकाच तोही पाहण्याजोगा आहे, आणि त्याला लाँच लागत नाही. 1987 मध्ये लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, बेटावर समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज मात्र 2018 मध्ये आली.

आज लाँच शेतबंदराला लागते. गेटवेपासून साधारण तासाचा प्रवास. सोमवारी लेणी बंद असतात, हे विसरून येणारे दर सोमवारी सापडतात. भारतीयांना प्रवेश 40 रुपये. धक्क्यापासून छोटी गाडी पायथ्यापर्यंत जाते, पुढे सुमारे 120 पायऱ्या. हातातली बाटली माकडे हिसकावतात, ती पिशवीत असावी. सकाळी नऊच्या सुमारास पहिली लाँच पकडली तर ऊन आणि गर्दी दोन्ही टळतात. पर्यटकांना मुक्कामाची परवानगी नाही, त्यामुळे परतीची शेवटची लाँच, साधारण साडेपाचची, चुकवू नये. तिला सर्वांत जास्त गर्दी असते, म्हणून तीन-साडेतीनलाच खाली उतरलेले बरे. जून ते ऑगस्ट मांडव्याच्या लाँच बंद राहतात, घारापुरीच्या हवामान पाहून सुटतात आणि बंदरात धोक्याचा बावटा लागला की थांबतात. पावसाळ्यात अलिबागला जायचेच असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मार्च 2020 पासून चालणारी रो-रो (गाड्याही नेणारी मोठी बोट) धरावी. तिचा धक्का आणि बोट सपाट जुळते, गाडीही आत जाते, आणि वृद्ध माणूस कुणाचा हात न धरता चढू शकतो.