घोरणं थांबलं की जाग कुणाला येते?

मालवणच्या आमच्या घरात आजोबा पडवीत झोपत आणि आजी माजघरात. आषाढात कौलांवर पाऊस कोसळत असला तरी आजीची झोप मोडत नसे. आजोबांचं घोरणं थांबलं की मात्र ती टक्क जागी. कान देऊन पडून राही आणि फारच लांबलं तर आतूनच हाक मारी, "अवो, कुशीर वळा!" मग घुसमटल्यासारखा एक मोठा श्वास, की घोरणं पुन्हा सुरू. आम्ही पोरं पांघरुणात हसायचो.

आजीने हाक मारली नाही तरी आजोबांचा श्वास बहुतेक वेळा सुटायचाच, कारण त्यांच्या डोक्यातही कुणीतरी पहाऱ्याला बसलेलं होतं. ते कोण, हे कळायला विज्ञानाला दोनशे वर्षं लागली. श्वास कोण चालवतं आणि झोपलेल्याला उठवतं कोण, हे दोन प्रश्न त्यातला बराच काळ वेगवेगळ्या प्रयोगशाळांत पडून होते.

पहिल्याची सुरुवात सशांवर झाली. फ्रान्सच्या लेगालुआने सशाचा मेंदू वरून खाली थोडा थोडा कापत नेला. मोठा मेंदू गेला, लहान गेला, श्वास चालूच. सुरी मस्तिष्कपुच्छातल्या, म्हणजे मेंदूच्या मज्जारज्जूला जोडणाऱ्या तळच्या भागातल्या, एका ठरावीक जागी पोचली आणि तो थांबला. ही 1812 च्या सुमाराची गोष्ट. पुढे फ्लुराँने त्या जागेला 'जीवनगाठ' म्हटलं आणि ती टाचणीच्या डोक्याएवढीच असल्याचं सांगितलं. इतकं सोपं ते निघालं नाही. 1923 मध्ये लम्सडेनने मांजरांवर दाखवलं की श्वासाची लय घडवण्यात मस्तिष्कस्तंभाच्या, म्हणजे मेंदूच्या देठाच्या, वरच्या भागाचाही हात असतो; मस्तिष्कपुच्छ हे त्या देठाचं खालचं टोक.

ताल धरणारा पुंजका नेमका सापडला तो 1991 मध्ये. स्मिथ, फेल्डमन आणि सहकाऱ्यांनी नवजात उंदराच्या मस्तिष्कपुच्छाची पातळ चकती काढली, तर ती बशीतही ताल देत राहिली. या भागाला प्री-बॉटझिंगर म्हणतात. बॉटझिंगर हे नाव फेल्डमनने जर्मनीतल्या एका परिषदेत टेबलावरच्या वाइनच्या बाटलीवरून उचललेलं. परिषद मालवणात भरली असती तर आज डॉक्टर 'प्री-सोलकढी' म्हणत असते.

या तालाला ढोसणारा मुख्य घटक म्हणजे कार्बन डायऑक्साइड. हे हाल्डेन आणि प्रीस्टली यांनी 1905 मध्येच दाखवलं होतं. जागेपणी नुसतं जागं असण्याचाही श्वासाला टेकू असतो. झोपेत तो निघून जातो आणि सगळा भार या रासायनिक जाणिवेवर पडतो. 1962 मध्ये सेव्हरिंगहाउस आणि मिचेल यांनी काही रुग्णांची हकिगत लिहिली. मानेच्या वरच्या भागातल्या शस्त्रक्रियेनंतर हे लोक जागेपणी सांगितलं की श्वास घेत, पण डोळा लागला की श्वास बंद. त्यांनी याला दंतकथेतल्या ऑन्डाइन नावाच्या जलपरीचा शाप म्हटलं. काही बाळं हाच दोष घेऊन जन्मतात. त्यामागचं पीएचओएक्स2बी हे जनुक 2003 मध्ये सापडलं.

दुसरा धागा जागेपणाचा. 1949 मध्ये मोरुझी आणि मॅगून यांनी मांजराच्या मस्तिष्कस्तंभाच्या गाभ्याला विजेचे हलके झटके दिले, तशा मेंदूच्या झोपाळू, संथ लहरी जागेपणीच्या लहरींसारख्या झाल्या.

दोन्ही धागे एकत्र आले ते अगदी अलीकडे. 2017 मध्ये बॉस्टनच्या सेपर यांच्या गटाने उंदरांच्या मस्तिष्कस्तंभातल्या पॅराब्रेकियल नावाच्या भागातल्या विशिष्ट पेशी प्रकाशाने गप्प केल्या. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढवूनही ते उंदीर झोपूनच राहिले किंवा फार उशिरा उठले. आजीचं काम करणाऱ्या पेशी त्या ह्याच. घसा आवळला जातो, वायू साचतो, या पेशी मेंदूला उठवतात, सैलावलेले घशाचे स्नायू पुन्हा ताठ होतात आणि वाट मोकळी होते. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाला तालाच्या पुंजक्यातच जेमतेम पावणेदोनशे पेशी सापडल्या, ज्या श्वासाची खबर थेट जागृतीच्या केंद्राला देतात.

पण रात्रभर असं उठत राहिलं तर झोपेची चाळण होते. दिवसा ओट्यावर बसल्या बसल्या आजोबांना डुलकी लागायची ती त्यामुळेच असावी. घसा हवेच्या दाबाने उघडा ठेवणारं सीपॅप मशीन सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये जगापुढे मांडलं. आमच्या शेजारच्या काकांकडे आता ते आहे. पावसात लाईट गेली की त्याची घरघर थांबते आणि काका मास्क ओढून उठून बसतात. काकी त्यांच्याआधीच जागी झालेली असते, उशाशी बॅटरी चाचपत.