थंड पाण्याने बॉयलर फुटतो का?

सॅन फ्रान्सिस्कोच्या लँड्स एंडच्या खडकांवर ‘लायमन स्टुअर्ट’ (1922) आणि ‘फ्रँक एच. बक’ (1937) हे वाफेवरचे तेलवाहू टँकर टकरीनंतर येऊन अडकले. मोठ्या ओहोटीला त्यांचे गंजके अवशेष आजही दिसतात. अशा अवशेषांच्या फोटोंखाली एक मजकूर हमखास फिरतो: ‘थंड समुद्राचं पाणी तापलेल्या बॉयलरला लागलं की तो बॉम्बसारखा फुटतो.’

तापलेल्या काचेला तडा जाताना पाहिलेल्या कुणालाही हे पटेल. पण बॉयलर फुटतो तो आतला दाब पत्र्याला झेपेनासा झाल्यावर. बाहेरून थंड पाणी आलं की आतली वाफ गार होऊन तिचं पाणी होतं आणि दाब उतरतो. पत्राही साधारण इंचभर जाडीचा, लवचीक पोलादाचा. वाफेची नळी किंवा सांधा तुटू शकतो, आणि त्यातली वाफ माणसाला जिवे मारू शकते. खरा स्फोट बहुधा आतलं पाणी कमी पडून भट्टीचा (बॉयलरच्या पोटातल्या जाळाच्या कप्प्याचा) माथा उघडा पडला, लाल होऊन खचला, की होतो.

मग जहाज बुडताना ऐकू येणारे धमाके? कोंडलेली हवा, फुटणाऱ्या आडभिंती, सुटलेली यंत्रं.

पडताळायचं तर पत्र्याच्या कडा बघा. स्फोटात त्या बाहेर वळून फाटतात. गंजलेलं भोक कडेला कागदासारखं पातळ होत जातं. टायटॅनिकच्या पहिल्या बॉयलर-खोलीतले पाचही बॉयलर समुद्रतळावर अखंड सापडले, मात्र त्या रात्री त्यांत जाळ नव्हता. म्हणून शेजारच्या दुसऱ्या खोलीतले पेटते बॉयलर पाहावेत: तेही जागच्या जागी शाबूत आहेत.