गंजिफा इंग्रजी पत्त्यांची नक्कल? छे!

सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, बघताना कुणीतरी हमखास म्हणतं, "साहेबांचे पत्ते बघून केलेले दिसतात." नाही हो. बाबराने सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद 1527 ची आहे. ईस्ट इंडिया कंपनी निघाली 1600 मध्ये!

पण म्हणून "अस्सल आपलंच, कुणाकडून काही घेतलं नाही" हेही खरं नाही. खेळ इराणकडून आला, नावही फारसीच. मुघली जोडात आठ रंग (बदाम-इस्पिकसारखे गट), 96 पानं. आपल्याकडे ताज, शमशेर असे मुघली रंग जाऊन दशावतार आले. दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी, एकूण 120 गोल पानं. मत्स्याच्या पंजीवर पाच मासे मोजून घ्या, परशुरामाच्या पानांवर परशू. खेळाचा नियमही बदलला: दिवसा डाव रामाचा राजा असणाऱ्याने उघडायचा, रात्री कृष्णाचा असणाऱ्याने. याला नक्कल म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

गैरसमजाचं मूळ बहुधा दुकानात आहे. तिथे बदाम-इस्पिकचे 52 पत्तेही गंजिफाच्या शैलीत रंगवलेले मिळतात. साहेबाकडून उचललं ते एवढंच, तेही फार नंतर.